वेताळ टेकडीवर माउंटन बाइक: टायरमधली हवा, मुरूम आणि उतार

पंचवटीकर
पाऊस सरला, टेकडी सुकायला लागली. पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या पायवाटांवर सायकल चालवण्याची माहिती सुटी-सुटी सापडते, एका जागी नाही, म्हणून हा धागा. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडे जाणारा डांबरी रस्ता नको आहे, फक्त पायवाटा.

सायकल: २७.५ इंची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली), पुढे धक्के झेलणारा १०० मिमीचा स्प्रिंगचा फोर्क, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, ३×८ गिअर (पुढे ३, मागे ८ दातेरी चक्रं), २.१ रुंदीचे ट्यूबवाले टायर. चालवणाऱ्याचं वजन ७२ किलो. डांबरावर भरपूर चालवलेली, मातीवर नाही.

हवा किती ठेवायची? फोर्कचं काही करता येतं का? उतारावर पुढचं चाक घसरतं ते कशामुळे? आणि ऑक्टोबरात जावं की डिसेंबरपर्यंत थांबावं?

मुरूमशास्त्री
हवेआधी जमीन बघू, बाकी सगळं तिच्यावरून ठरतं.

टेकडी बेसॉल्टची. वरचा थर झिजून त्याचा मुरूम झालेला, खाली घट्ट पाटा, आणि पाट्यावर मोहरीपासून वाटाण्याएवढे खडे मोकळे पसरलेले. फरशीवर मोहरी सांडली की पाय कसा सरकतो, तसंच चाकाचं होतं. मऊ मातीत टायरच्या गुट्ट्या रुततात आणि पकड मिळते. इथे रुतायला जागाच नाही. त्यामुळे टायर इतका नरम हवा की तो खड्यांवरून न घरंगळता त्यांना लपेटून खालच्या पाट्याला टेकेल. म्हणजे डांबरापेक्षा बरीच कमी हवा.

७२ किलो, २.१ टायर, ट्यूब: पुढे २७-२८, मागे ३१-३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). मागे जास्त, कारण बसून चालवताना निम्म्याहून अधिक भार मागच्या चाकावर असतो. टायरच्या कडेला ६५ वगैरे आकडा छापलेला असतो, ती कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. दुकानातून निघालेल्या बहुतेक सायकलींत ४५-५० असते आणि तेवढ्यावर टेकडी चढलात तर उतरताना दोष ब्रेकला द्याल.

आकडा डोळे मिटून घेऊ नका. पुढे ३०, मागे ३४ पासून सुरुवात करा. दगडधोंड्यांचा दोनेकशे मीटरचा एकच तुकडा निवडा आणि तोच पुन्हा पुन्हा चालवून दर फेरीला २ पीएसआय काढत जा. रिम दगडावर आपटल्याचा 'ठक' असा कोरडा आवाज आला की २ परत भरा. तो तुमचा आकडा.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवरच्या काट्यावर विसंबू नका, खालच्या टोकाला तो ३-४ पीएसआय इकडेतिकडे दाखवतो. घरचा पायपंप चुकीचा दाखवत असला तरी चालेल, दर वेळी तोच वापरा म्हणजे झालं. आणि भरायची वेळही तीच ठेवा: हवेचं तापमान १० अंशांनी बदललं की या दाबाला साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. डिसेंबरात पहाटे भरलेली हवा दुपारी २-३ने जास्त भरते.

सव्वीस_इंची
३१ फार वाटते. २४-२५ वर चालवणारे पुष्कळ आहेत आणि पकड कितीतरी चांगली मिळते.

मुरूमशास्त्री
ट्यूबलेसवर चालवत असतील. ट्यूब असताना २४ ठेवली तर कातळाच्या कडेवर टायर पूर्ण दबतो, ट्यूब रिम आणि दगडाच्या कात्रीत सापडते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. स्नेक बाइट म्हणतात तेच. ट्यूब काढल्यावर जवळजवळ दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. एकच बारीक भोक असेल तर काटा. एकच भोक पण ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमटेप सरकली आहे आणि स्पोकचं टोक घासतंय.

वजन ५५ किलो असेल तर २६-२७ मागे चालून जाईल. ८५च्या पुढे ३५ खाली येऊ नका, त्यापेक्षा फ्रेममध्ये मावत असेल तर २.२५चा टायर घाला.

गिरिपुष्प
वाखुसा (वाचनखूण साठवली). पण हवेच्या चर्चेत खरी धोक्याची गोष्ट मागे पडू नये म्हणून मध्येच लिहिते.

ऑक्टोबरात टेकडीवर सर्वांत धोकादायक काय असेल तर चर. वनखात्याने पाणी मुरवण्यासाठी उतारांवर खणलेले सलग समतल चर, फूट-दीड फूट खोल, चाक आरामात आत जाईल एवढे रुंद. उन्हाळ्यात ते लांबून दिसतात. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं वाढतं, चराच्या दोन्ही काठांवरचं गवत एकमेकांवर झुकतं आणि चर नाहीसा होतो. पायवाट सोडून चार फूट बाजूला गेलात, मग ते समोरून येणाऱ्याला जागा द्यायला का असेना, पुढचं चाक आत आणि सायकलस्वार हँडलवरून पुढे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात म्हणून नियम सोपा. जिथे जमीन दिसत नाही तिथे चाक घालायचं नाही. जागा द्यायची असेल तर वाटेवरच थांबा, उतरा, सायकल उचलून कडेला घ्या. डिसेंबरनंतर गवत वाळून आडवं पडतं, चर पुन्हा दिसू लागतात. घाई नसेल तर तेव्हाच सुरुवात केलेली बरी.

आणखी एक. चर समपातळीवर खणलेले असतात, त्यामुळे दोन चरांच्या मधून चराला समांतर जाणारी वाट बहुधा फार चढत-उतरत नाही. नवख्याने तिथून सुरुवात करावी. चरांना काटकोनात कापत सरळ खाली जाणारी वाट म्हणजे पाण्याचा ओघळ, तिच्यात मोकळे दगड हमखास.

खडखडाट
चराच्या मुद्द्याला +१. काही जण चर ओलांडता यावा म्हणून त्यात दगड भरून उतरंड करतात. कृपा करून करू नका. पाणी तिथून फुटतं, एका पावसात खालच्या वाटेचा नाला होतो. बरीचशी जमीन वनखात्याची आहे, फाटकावरचा वेळांचा आणि नियमांचा फलक वाचून आत जा, नवी वाट पाडू नका.

आता फोर्क. स्प्रिंगच्या फोर्कच्या डोक्यावर बहुतेक दोन फिरक्या असतात. एका बाजूला प्रीलोड (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी), दुसऱ्या बाजूला लॉकआउट (फोर्क जाम करणारी). लॉकआउट डांबरासाठी आहे, मातीवर पाऊल टाकण्याआधी पूर्ण उघडा. बंद ठेवून दगडांवर आपटत राहिलात तर स्वस्त फोर्कमधला लॉकआउटच तुटतो.

प्रीलोड कडक केल्याने स्प्रिंग कडक होत नाही, हा सर्रास गैरसमज आहे. स्प्रिंग तीच राहते, फक्त तुमच्या वजनाने फोर्क किती खाली बसेल तेवढं बदलतं. मोजायचं कसं: फोर्कच्या चकचकीत नळीवर केबल टाय सैलसर बांधा, सीलपर्यंत (नळी खालच्या भागात शिरते तिथल्या रबरी कड्यापर्यंत) खाली सरकवा. हेल्मेट, पाण्यासकट सायकलवर हळूच बसा, पेडलवर उभे राहा, हलू नका, हळूच उतरा. टाय सीलपासून किती वर सरकला ते मोजा. १०० मिमीच्या फोर्कला २० ते २५ मिमी ठीक. ३५ आलं तर प्रीलोड वाढवा. पूर्ण वाढवूनही ३५ राहिलं तर स्प्रिंग तुमच्या वजनाला कमी पडते आहे. उलट प्रीलोड पूर्ण सैल करूनही जेमतेम १० आलं तर स्प्रिंग जड आहे, अशा वेळी पुढच्या टायरची हवा १-२ने उतरवून थोडं भागतं.

केबल टाय नंतर कापून टाका, सीलमध्ये खडे अडकवतो. आणि प्रत्येक फेरीनंतर नळ्या सुक्या फडक्याने पुसा. मुरमाची धूळ म्हणजे पॉलिश पेपरच.

पंचवटीकर
धन्यवाद सगळ्यांना. केबलच्या डिस्क ब्रेकवर टेकडी उतरता येते का? की हायड्रॉलिक घेतल्याशिवाय जाऊच नये?

खडखडाट
येते. नीट लावलेला केबल ब्रेक दुर्लक्षित हायड्रॉलिकपेक्षा बरा. पण नीट लावलेला सापडत नाही, कारण सगळे फक्त लिव्हरजवळची फिरकी फिरवत राहतात.

या ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणारी चकती म्हणजे रोटर, आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड कॅलिपरमध्ये बसतात. बहुधा एकच पॅड हलतो, बाहेरचा. आतला स्थिर. बाहेरचा पॅड रोटरला वाकवून आतल्यावर दाबतो. आतला पॅड लांब असेल तर लिव्हरची अर्धी ओढ रोटर वाकवण्यातच जाते. म्हणून आधी कॅलिपरच्या आतल्या बाजूचा स्क्रू फिरवून स्थिर पॅड रोटरच्या अगदी जवळ आणा, पातळ व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल इतका. चाक फिरवून पाहा, घासायला नको. मग बाहेरची बाजू केबलने लावा.

पॅड झिजले की पुन्हा आतल्या स्क्रूनेच जवळ आणायचं. झीज केवळ केबल ताणून भरून काढली तर कॅलिपरचा दांडा आधीच अर्धा वळलेला राहतो, त्याची तरफ जाते, आणि लिव्हर घट्ट लागूनही सायकल थांबत नाही.

नवे पॅड घातल्यावर थेट टेकडीवर जाऊ नका. मोकळ्या सपाट रस्त्यावर २० किमी वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, पूर्ण न थांबता, वीसेक वेळा ब्रेक लावा. पुढचा वेगळा, मागचा वेगळा. पॅडचा थर रोटरवर बसतो, तोवर ब्रेक निम्माच लागतो.

पॅडवरचं घर्षणाचं साहित्य अर्ध्या मिलिमीटरवर आलं की बदला. रोटरवर 'रेझिन पॅड ओन्ली' लिहिलं असेल तर धातूचे पॅड घालू नका, मऊ रोटर खाऊन टाकतात.

सर्वांत मोठं पाप: साखळीवर स्प्रे मारताना तो रोटरवर उडवणं. तेल पॅडमध्ये मुरतं आणि मग ब्रेक किंचाळतो पण धरत नाही. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो, पॅड मात्र बहुधा फेकावेच लागतात. घासून, भाजून वाचवायचे उपाय सांगणारे भेटतील. पॅड स्वस्त आहेत, दात नाहीत.

हँडलपट्टी
आता पुढचं चाक घसरण्याकडे वळू. मूळ प्रश्न तोच आहे आणि कारण दहातल्या नऊ वेळा एकच असतं: वळणात ब्रेक.

टायरकडे जेवढी पकड आहे ती दोन कामांत वाटली जाते, वेग कमी करणं आणि वळणं. डांबरावर पकड इतकी असते की दोन्ही एकदम चालून जातं. मोकळ्या मुरमावर नाही. वळणात शिरल्यावर भीती वाटून पुढचा ब्रेक दाबला की सगळी पकड थांबण्यात जाते, वळायला काही उरत नाही, चाक सरळ निघून जातं.

त्यामुळे वळणाच्या आधी, सायकल उभी आणि सरळ असताना, दोन्ही ब्रेक लावून वेग उतरवा. वळण्यापूर्वी बोटं सैल. वळणात वेग जास्त वाटला तर मागचा ब्रेक हलका, पुढच्याला हात नाही. एका बोटाने लिव्हर ओढता यावी म्हणून लिव्हर हँडलवर थोडी आत सरकवा, तर्जनी लिव्हरच्या टोकावर यायला हवी. उरलेली तीन बोटं हँडलवर.

अंग: उतारावर बसायचं नाही. पेडल आडवे, दोन्ही एका पातळीत, टाचा खाली, गुडघे आणि कोपरं वाकलेली, कोपरं बाहेर. कमरेतून वाका. खूप मागे जाऊन सीटच्या पलीकडे लोंबकळायला शिकवणारे आहेत, तसं केलं की पुढच्या चाकावरचा भार जातो आणि तेच घसरतं. फार तीव्र पायरीसारखा उतार असेल तिथेच मागे जा, बाकी भार पायांवर, हनुवटी साधारण हँडलच्या वर.

सीट खाली करा. ड्रॉपर (बटणाने खाली-वर होणारा सीटचा दांडा) नसेल तर क्विक रिलीजचा क्लँप असतोच. चढासाठीची सीटची उंची दांड्यावर टेपने खूण करून ठेवा, वर पोचलात की ६-८ सेंमी खाली सरकवा. अर्ध्या मिनिटाचं काम, पण उताराचा निम्मा घाबरटपणा याने जातो.

नजर चाकाच्या पुढच्या दगडावर नको, ८-१० मीटर पुढे. चुकवायच्या दगडाकडे बघत राहिलात तर सायकल बरोब्बर त्याच दगडाकडे जाते.

सव्वीस_इंची
वळणात बाहेरचा पाय खाली, हे राहिलं. डावीकडे वळताना उजवं पेडल खाली आणि त्यावर जोर. सायकल कलते, अंग तेवढं कलत नाही. अंगासकट कललात तर मुरमावर आडवे.

गिरिपुष्प
आणि ओघळातून जाताना मात्र पेडल आडवेच, नाहीतर खालचं पेडल काठाला आपटतं.

चाकोरी
चढाबद्दल कोणीच लिहिलं नाही. शहर ५६० मीटरच्या आसपास, टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटर. म्हणजे एकदा वर जायचं तर दोनशे मीटरच्या वर चढ.

३×८ ला कमी लेखू नका. पुढे २२ दात, मागे ३२ असेल तर एका पेडलफेरीत सायकल साधारण दीड मीटर जाते. मिनिटाला ७० फेऱ्या मारल्या तर ताशी ६ किमीच्या थोडं वर. याहून हळू गेलात तर तोल सांभाळण्यातच शक्ती जाते, मग सरळ उतरून ढकला. त्यात कमीपणा नाही.

मोकळ्या मुरमावर चढताना उभं राहिलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसूनच चढायचं, सीटच्या टोकावर सरकून, छाती खाली, कोपरं आत-खाली. मागच्या चाकावर भार राहतो आणि पुढचं उचललं जात नाही. पेडलला धक्के नकोत, गोल फिरवा. गिअर चढाच्या आधी बदला, चढात जोर लावून बदललात तर ८ स्पीडची साखळीसुद्धा कडकड करत दातांवरून उडी मारते, आणि कधी तुटते.

पुढे लहान आणि मागे सर्वांत लहान ही जोडी टाळा, साखळी तिरकी आणि सैल होते, दगडांवर फ्रेमला आपटते.

टेकडीवरचा
रोज सकाळी चालायला येणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. सायकलवाल्यांशी भांडण नाही, पण चार गोष्टी समजून घ्या.

टेकडीवर पहाटेपासून साडेआठपर्यंत चालणारे असतात, रविवारी तर जत्रा. त्यात साठीपुढचे पुष्कळ. काहींना कमी ऐकू येतं, काहींच्या कानात गाणी असतात. मागून येऊन शेवटच्या क्षणी घंटा वाजवली की माणूस दचकतो आणि नेमका सायकलच्या बाजूलाच सरकतो. वीस-पंचवीस मीटरवरून आवाज द्या, 'काका, उजवीकडून येतोय' एवढं पुरे. उत्तर आलं, मान वळली, तरच पुढे या. नाहीतर थांबा.

वाट एका माणसाएवढीच रुंद असेल तर सायकल थांबणार, चालणारा नाही. आणि खाली येणाऱ्या सायकलने वर चढणाऱ्या सायकलला वाट द्यायची, कारण चढावर थांबलेल्याला पुन्हा निघणं अवघड.

टेकडीतून आखलेल्या बालभारती–पौड फाटा रस्त्याच्या वादात टेकडी वाचावी म्हणून चालणारे आणि सायकलवाले दोघेही एकाच बाजूने बोलले आहेत. वाटेवर एकमेकांना घाबरवत राहिलो तर ते टिकायचं नाही.

हँडलपट्टी
+१. वेगात उतरायचं असेल तर ही जागा नव्हे. आडवाराचा दिवस, उन्हाळा सोडून सकाळी नऊनंतर, तेव्हा वाटा रिकाम्या असतात. मार्च ते मे मात्र अकरा ते चार टेकडीवर नको, सावली नावालाच आहे. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरा, तेही सायकलच्या बाटलीत नको, पाठीवर. दगडांवर बाटली पिंजऱ्यातून उडते आणि कळतही नाही.

सव्वीस_इंची
पावसाळ्यात पूर्ण बंद ठेवायचं का? मुरूम तर लगेच निथळतो.

गिरिपुष्प
मुरूम निथळतो, सगळी टेकडी मुरमाची नाही. सखल भागात, चरांच्या काठाला काळी-तांबडी चिकण माती साचलेली असते. परीक्षा सोपी आहे: वाटेवरची माती मुठीत घेऊन दाबा. लाडू वळला तर घरी जा. भुगा झाला तर चला. मुरमाच्या वाटांना मोठ्या पावसानंतर एक दिवस पुरतो, चिकण मातीला तीन.

ओल्या मातीत चाकाची खोल चाकोरी उमटते, पुढचं पाणी त्या चाकोरीतून धावतं, आठवड्यात ओघळ. वाटा तयार करणारे एक ढोबळ सूत्र वापरतात: वाटेचा चढ हा डोंगराच्या त्या जागच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. ३० टक्के उताराच्या अंगावर १५ टक्क्यांपर्यंतची वाट चालते, पाणी तिला आडवं ओलांडून जातं. त्याहून खडी झाली की पाणी वाटेवरूनच धावायला लागतं. टेकडीवरचे बरेच शॉर्टकट या सूत्रात बसत नाहीत, म्हणून दर वर्षी खोल होत जातात. निदान त्यांवर मागचं चाक घसटत उतरू नका.

शिवाय पावसाळ्यात उघड्या पाट्यावर शेवाळ धरतं. त्यावर ना वळायचं, ना ब्रेक. सरळ, पेडल न मारता ओलांडा, नाहीतर उतरा.

काटेकोर
नाव सार्थ करतो. बाभूळ, हिवर, बोर, तिन्हींचे काटे टेकडीवर आहेत आणि ऑक्टोबरनंतर वाळून वाटेवर पडतात.

ट्यूबलेस करायचं असेल तर आधी रिम आणि टायर दोन्ही त्यासाठी बनवलेले आहेत का बघा. साध्या रिमवर टेप गुंडाळून होतं असं सांगतात, पण कमी हवेत वळणावर टायर कडेतून सुटला तर एका क्षणात सगळी हवा जाते. या सायकलसाठी जुगाड नकोच.

मधला मार्ग: ट्यूबमध्ये सीलंट (भोकं बुजवणारा द्रव). व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असेल तर त्याची पिन साध्या चावीने निघते, तिथून ६०-७० मिली आत सोडा, पिन लावा, हवा भरा, चाक पाच मिनिटं फिरवा. बारीक काट्यांची भोकं बुजतात, स्नेक बाइट बुजत नाही. पुण्याच्या उन्हात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं, चाक कानाशी धरून हलवलं की आत खळखळ ऐकू यायला हवी.

पंक्चर काढताना ट्यूब बदलून मोकळं होऊ नका. टायरच्या आतून फडकं फिरवा, उघडं बोट नको. काटा बाहेरून मोडलेला असतो आणि आत दोन मिमी टोक शिल्लक असतं, नवी ट्यूब शंभर मीटरवर बसते. आणि कुसळी गवत! त्याची कुसळं मोज्यांत घुसतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण ती मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलताना साखळी हलवणाऱ्या यंत्रणेच्या) दोन छोट्या चक्रांत गुंडाळली जाऊन साखळी अडखळते हे उशिरा कळतं. फेरी संपली की चिमट्याने काढा.

खडखडाट
सोबत काय न्यायचं तेही लिहून टाकतो: एक ट्यूब, दोन प्लास्टिकचे टायर लिव्हर, छोटा पंप, पॅचचं पाकीट, ४-५-६ मिमीच्या ॲलन चाव्या आणि टी२५ (चांदणीच्या आकाराच्या टोकाची चावी), साखळी तोडायचं अवजार, ८ स्पीडचा क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडणारी कडी). ९ किंवा १० स्पीडचा चालत नाही, रुंदी वेगळी. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जुन्या टायरचं बोटभर तुकडं, टायर फाटला तर आतून लावायला. शिट्टी. घोट्यावर येणारे बूट, कारण मुरमाड उतारावर फुरसं असतं आणि ते मातीच्याच रंगाचं. दगडावर हात टेकताना बघून टेका.

घरून निघण्याआधी तीन गोष्टी पाहा: पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, डोक्याशी 'टकटक' आली तर हेडसेट (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग) सैल आहे. चाकाचे क्विक रिलीज तळहातावर वळ उमटेल इतके घट्ट. रोटरचे बोल्ट टी२५ने.

पंचवटीकर
डिरेलर फ्रेमला जोडणारा हँगर सुटा जवळ ठेवा असं काही ठिकाणी वाचलं. ८ स्पीडलाही लागतो का? आणि दुकानात 'हँगर द्या' म्हटलं की 'कुठला' विचारतात.

चाकोरी
लागतो. किती स्पीड याच्याशी संबंध नाही, सायकल उजव्या बाजूला पडली की तोच वाकतो. फ्रेमऐवजी आपण वाकावं यासाठीच तो मऊ बनवलेला असतो. प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा, म्हणून दुकानात नावाने मागू नका. मागचं चाक काढा, हँगरचे एक-दोन छोटे बोल्ट काढून तो सुटा करा, दोन्ही बाजूंनी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, बोल्टची भोकं किती आणि कोणत्या बाजूने बसतात ते दिसू द्या. फोटोवरून जुळवा, नाहीतर वस्तूच घेऊन जा.

वाकलेला ओळखायचा असा: मागून बघताना डिरेलरची दोन्ही चक्रं आणि कॅसेटचे (मागच्या दातेरी चक्रांचे) दात एका उभ्या रेषेत दिसायला हवेत. खालचं चक्र स्पोककडे झुकलेलं असेल तर मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चक्रावर अजिबात जाऊ नका. डिरेलरचा पिंजरा स्पोकमध्ये शिरतो आणि मग हँगर, डिरेलर, तीन-चार स्पोक, सगळंच जातं. अशा वेळी गिअर मधल्या दातांवर ठेवा आणि एआरएआयच्या डांबरी रस्त्याने खाली या.